न दिसलेली रेघ

शंभूराज शेलार सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला लागला तेव्हा त्याला नुकतंच एकविसावं सरलं होतं. गाव कोयनानगरच्या अलीकडं, घाटरस्त्याला. कऱ्हाडला आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला, हात स्थिर, बोलणं कमी. कारखाना जिनपाल मगदूमांचा. हळद पॉलिश करायचे ड्रम तिथं बनत. वयानं सगळ्यात मोठे म्हणून जिनपालना सगळे अण्णा म्हणत. त्यांची मुलगी प्रीती इंजिनिअर. पुण्याची नोकरी सोडून ती परत आली होती आणि कारखान्याची सगळी डिझाइनं तीच बघायची.

पहिल्या दिवशी प्रीतीनं त्याला आपल्या शेजारी बसवलं. स्क्रीनवर एक चौकोन काढला.

"ही रेघ निळी दिसते ना? निळी म्हणजे अजून मोकळी आहे. हे बघ, माउसनं ओढली की हलते." तिनं ओढून दाखवली. मग लांबी दिली, रुंदी दिली, एक कोपरा जागेवर बांधला. "आता काळी झाली. म्हणजे पक्की. आता ती कुठंही पळत नाही. आपल्याला सगळ्या रेघा काळ्या करायच्या असतात. कळलं?"

"हो मॅडम."

"आता हे नीट बघ." तिनं आणखी एक माप दिलं, आधीच्या मापाशी न जुळणारं. "झाली लाल. लाल म्हणजे दोन मापं एकमेकांशी भांडतायत. सॉफ्टवेअर म्हणतंय, दोन्ही खरी होऊ शकत नाहीत. लाल दिसली की हात थांबवायचा, मागं यायचं, भांडण कुठं आहे ते शोधायचं. दिसली ना?"

शंभूराजनं स्क्रीनकडं बघितलं. रेघ मघाशी काळी होती. आताही काळीच होती.

"हो," तो म्हणाला. "दिसली."

हे खोटं तो पहिल्यांदा बोलत नव्हता.

त्याचे वडील उदयसिंह लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आजोबा फौजेत, चुलते फौजेत. एकोणिसाव्या वर्षी शंभूराज भरतीला गेला, तेव्हा सोळाशे मीटर धावण्यात त्याच्या पुढं एकच पोरगा होता. छाती भरली, उंची भरली. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं आणि विचारलं, आकडा किती? त्याला ठिपकेच दिसत होते. पुढचं पान, पुन्हा ठिपके. डॉक्टर चांगले होते, त्यांनी समजावून सांगितलं. डोळे अधू नाहीत, फक्त लाल रंग ओळखत नाहीत. जन्मापासूनचं आहे, याला औषध नाही. बऱ्याचदा आईकडून येतं.

घरी आल्यावर उदयसिंहांनी लाल टॉवेल आणि हिरवा टॉवेल दोन हातांत धरून त्याला अंगणात उभं केलं होतं. "नीट बघ की रं! ध्यान दे!" असं ते परत परत म्हणत राहिले, जणू पोरगं आळस करत होतं. शेवटी त्यांनी टॉवेल खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी गावात कुणी विचारलं तर त्यांनी सांगितलं, गुडघ्यात दोष निघाला. गुडघा कुणालाही समजतो. तेव्हापासून घरात, गावात, पाहुण्यांत तेच चालत राहिलं. शंभूराजनंही तेच धरलं.

सांगलीत आल्यावर कृष्णात माने या माणसानं त्याला आधार दिला. कृष्णात आष्ट्याचा. अकरा वर्षं लेझर कटिंगच्या मशीनवर होता. शंभूराजला खोली मिळेपर्यंत बारा दिवस त्यानं त्याला आपल्या कुपवाडच्या घरी ठेवून घेतलं, आणि बायकोनं डब्यात भाकरी दोघांच्या बांधून दिल्या. खोलीही त्यानंच बघून दिली.

काम शंभूराजला जमत गेलं. निळी आणि काळी रेघ त्याला स्वच्छ वेगळी दिसायची. लालसाठी त्यानं स्वतःचा उपाय काढला होता. सगळं झालं की प्रत्येक रेघ माउसनं ओढून बघायची. हलली नाही म्हणजे पक्की. त्याच्या मनाचं समाधान व्हायचं. पण लाल रेघही हलत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पहिले चार महिने ते लक्षात यायची वेळच आली नाही, कारण तो मुळातच सावकाश आणि काळजीपूर्वक काम करायचा, आणि त्याची प्रत्येक फाईल मशीनवर जायच्या आधी प्रीतीच्या नजरेखालून जायची.

जानेवारीत आष्ट्याच्या गोमटेश चौगुले नावाच्या हळद व्यापाऱ्याची सहा ड्रमची ऑर्डर आली. काढणीचा हंगाम तोंडावर होता, त्यांना महिन्याच्या आत मशीन हवी होती. माल जास्त भरायचा म्हणून त्यांनी मोठी बेअरिंग मागितली. बेअरिंग ज्या प्लेटवर बसतं ती प्लेट जुनीच होती, दोनशे मिलिमीटर लांबीची. तिच्यावर दोन भोकं, एकमेकांपासून एकशेचाळीसवर, दोन्हीकडच्या कडेपासून तीस-तीस आत. नव्या बेअरिंगला भोकं एकशेपासष्टवर लागत होती.

काम साधं होतं. शंभूराजनं जुनी फाईल उघडली, एकशेचाळीसच्या जागी एकशेपासष्ट लिहिलं. एक चौकट वर आली, इंग्रजीत काहीतरी म्हणाली. अशा चौकटी त्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर येतात. त्यानं ती बंद केली. रेघा ओढून बघितल्या. एकही हलली नाही. सगळ्या काळ्या.

त्या आठवड्यात अण्णांच्या हृदयाची तपासणी होती. प्रीती त्यांना घेऊन मिरजेला दवाखान्यात होती. तिनं फोनवरच विचारलं, "केलंस ना नीट?" तो म्हणाला, "हो मॅडम, पक्कं आहे." फाईल मशीनवर गेली. सोबत कागदावरचं ड्रॉइंग गेलं, त्यावर स्पष्ट छापलेलं होतं, एकशेपासष्ट.

चार दिवसांनी, बुधवारी दुपारी, बेअरिंग आली आणि बसेनात. बारा मिलिमीटर जाडीच्या चोवीस प्लेटा कापून, घासून तयार होत्या आणि सगळ्यांवर भोकं एकशेचाळीसवर होती. नवी भोकं पाडावीत तर जुनी भोकं आडवी येत होती. सगळ्या प्लेटा भंगारात.

अण्णा दवाखान्यातून घरी आले होते, पण ही बातमी ऐकून कारखान्यात आले. त्यांनी एका हातात ड्रॉइंग घेतलं, दुसऱ्या हातात प्लेट. कागद म्हणत होता एकशेपासष्ट, प्लेट म्हणत होती एकशेचाळीस. आणि एकशेचाळीस हे तर जुनं माप.

"कृष्णात," अण्णा म्हणाले, "जुनी फाईल लावलीस तू."

"न्हाई अण्णा. नवीच लावली."

"मग हे काय हाय? कागदावर काय लिवलंय ते तरी वाचतोस का न्हाई?"

"कागद बघितला की. पर मशीनला कागद कळत न्हाई, फाईल कळती. मी नवीच लावली."

"अकरा वर्सं झाली आणि आता तू मला खोटं सांगतोस?"

हा शब्द लागला. कृष्णातनं हातमोजे काढले, मशीनच्या टेबलावर ठेवले. अण्णा म्हणाले, उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही, पॅकिंगला जायचं. सगळे माना खाली घालून उभे होते. बाहेर जाताना तो शंभूराजपाशी थांबला.

"शंभू, तू एकदा बघ की रं ती फाईल. तू पाठवलीस तीच लावली मी. देवाशपथ."

शंभूराज वर डिझाइनच्या खोलीत आला. खरं तर त्याला मनातून वाटत होतं, की कृष्णातनंच गडबड केली. माणसाकडनं होतं. तरी त्यानं फाईल उघडली. एकशेपासष्ट लिहिलेलं होतं. रेघा काळ्या. तो उठणारच होता, पण मग त्याला वाटलं, आकडा तर आपणच लिहिलाय. अंतर खरंच तेवढं आहे का, हे मोजून कुठं बघितलंय? मोजायचं साधन त्यानं दोन भोकांवर ठेवलं.

एकशेचाळीस.

पुन्हा ठेवलं. एकशेचाळीस. लिहिलेला आकडा एक आणि खरं अंतर दुसरं. त्यानं स्क्रीनच्या अगदी तळाशी बघितलं. तिथल्या बारीक पट्टीत इंग्रजीत लिहिलेलं असतं हे त्याला ठाऊक होतं, वाचायची गरज कधी पडली नव्हती. आता वाचलं. ओव्हर डिफाइन्ड, म्हणजे गरजेपेक्षा जास्त मापं.

मग सगळं उलगडलं. तीस, एकशेपासष्ट आणि तीस मिळून दोनशेपंचवीस होतात. आणि प्लेटची लांबी त्यानं दोनशेच ठेवली होती. मापं भांडत होती. सॉफ्टवेअरनं नवा आकडा नुसता लिहून ठेवला, आकार जुनाच ठेवला, आणि सगळी आकृती लाल करून त्याला ओरडून सांगितलं. चार दिवस ती लाल होती. त्याला ती काळी दिसत होती.

खोलीत कुणी नव्हतं. प्रीती खाली अण्णांपाशी होती. दोनशेचं माप काढून टाकलं असतं तर एका क्षणात सगळं जागेवर आलं असतं. फाईल बरोबर, कागद बरोबर, आणि चूक कायमची कृष्णातची. त्यानं माउस दोनशेवर नेलाही. मग त्याला कृष्णातच्या घरचे ते बारा दिवस आठवले, आणि आपण मघाशी खाली मान घालून उभे होतो हेही आठवलं. त्यानं फाईल आहे तशी ठेवली आणि खाली धावला.

कृष्णात फाटकापाशी गाडीला किक मारत होता.

"कृष्णातदा, थांबा. फाईल तुमी बरोबर लावली हुती. चूक माजी हाय."

कृष्णातनं गाडी बंद केली. "हे मला हितं काय सांगतूस? मला चारचौघांत बोलल्यात. आत जाऊन चारचौघांत सांग."

शंभूराज आत गेला आणि त्यानं सांगितलं. अण्णा, प्रीती, फिटर, वेल्डर, सगळे होते. कृष्णात दारात येऊन उभा राहिला, तेव्हा शंभूराजनं त्याची माफीही मागितली.

"लाल झालेली दिसली कशी नाही तुला?" प्रीतीनं विचारलं. "एवढी लाल?"

"मला लाल दिसत न्हाई, मॅडम." त्याची शहरी भाषा सुटली होती. "लाल आणि काळं एकच दिसतं. लष्करातबी म्हणूनच घेतलं न्हाई. गुडघ्याचं खोटं हाय."

"पहिल्या दिवशी मी विचारलं होतं तुला. हो म्हणालास."

"खोटं बोललो."

कुणीतरी मागं हसलं आणि लगेच गप्प झालं. अण्णांनी हातातली प्लेट टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "दोन दिवस घरी जा. मला इचार करू दे."

शंभूराजनं कऱ्हाडची एसटी धरली, तिथनं कोयनेची. नोकरी गेली असं धरूनच तो घरी पोचला आणि जेवायच्या आधीच त्यानं वडिलांना सगळं सांगितलं. उदयसिंह ऐकत होते. ते चिडले ते भलत्याच गोष्टीवर.

"सगळ्या कारखान्यापुढं सांगितलंस? डोळ्याचं?"

"मग काय सांगू आप्पा? गुडघ्यानं प्लेट चुकली म्हणू?"

आई चुलीपाशी होती. ती हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"माज्या वडलांना पिकलेली मिरची कळायची न्हाई," ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं बघितलं. तिचे वडील नाथाजी वारून नऊ वर्षं झाली होती.

"मिरचीच्या तोडणीला आमी पोरी जायचो, त्ये फारसं यायचं न्हाईत. आलं तर हिरवीसंगट लाल तोडायचं, लालसंगट हिरवी. आई हसायची. शंभू भरतीतनं आला तवाच मला कळलं, हे माज्या माहेरचं हाय म्हणून. मी बोलले न्हाई."

"का न्हाई बोललीस?" उदयसिंह म्हणाले.

"तुमी त्या दिवशी टॉवेल धरून वरडत हुता. पोराला एवढं बोलताय, मला काय म्हणाला असता?" तिनं शंभूराजकडं बोट केलं. "आवं, त्यो बघत न्हवता असं न्हाई. त्याला दिसतच न्हवतं."

उदयसिंह उठून बाहेर गेले. ते ओट्यावर बसून राहिले, आणि जेवायला हाक मारल्यावर निमूट आत आले. त्या दोन दिवसांत ते त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. पण शनिवारी सकाळी शंभूराज पिशवी घेऊन निघाला, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

"मी येतूय."

"आप्पा, मी काय ल्हान हाय का?"

"तुज्यासाठनं न्हाई येत."

अण्णांच्या केबिनमध्ये उदयसिंह बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सरळ उभे राहून म्हणाले, "साहेब, पोराला ठिवायचं का काढायचं ते तुमचं तुमी बघा, शिफारस करायला आलो न्हाई. पर डोळ्याचं लपवायचं त्याला मी शिकवलं. पयलं खोटं माजं हाय. नुकसान झालं त्यात माजा वाटा हाय, एवढं सांगायला आलो."

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी सुभेदारांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि चहा सांगितला.

"माझ्या हातनंबी चूक झाली," ते म्हणाले. "फाईल न मोजता मी अकरा वर्सांच्या माणसाला खोटा म्हणालो. शंभूराजला लाल दिसत नव्हतं. मला तर सगळं दिसत होतं." मग ते शंभूराजकडं वळले. "वर जा. प्रीती तुझी वाट बघतीय. दोन दिवस त्या कॉम्प्युटरपुढनं उठली न्हाई."

उदयसिंहही चहा संपवून त्याच्या मागोमाग जिना चढले.

प्रीतीनं त्याला खुर्ची दिली. "रंग बदलता येतात," ती म्हणाली. "आठ वर्षं मी हे वापरतेय, पण कधी बघितलंच नाही. सेटिंगमध्ये जाऊन कुठलाही रंग देता येतो. पण तुला कुठला दिसतो ते मला कसं कळणार? तू सांगायचं. आणि आता खोटं हो म्हणायचं नाही."

पाऊण तास ते तेच करत बसले. प्रीती एक रंग लावायची, शंभूराज सांगायचा. नारिंगी? कळतो, पण मळकट. गुलाबी? करडा वाटतो. स्क्रीनवर रेघांमागची पाटी पांढरी होती, ती तिनं गडद करडी केली, पक्की रेघ पांढरी केली, मोकळी रेघ निळीच ठेवली. मग भांडणाऱ्या रेघेला भडक पिवळा रंग दिला.

शंभूराज एकदम पुढं वाकला. "हां! ही! ही वेगळी हाय. लय वेगळी हाय मॅडम."

"आणि रोज खालची पट्टी वाचायची. रंग असू दे नाहीतर नसू दे, तिथं शब्दांत लिहिलेलं असतं. मीसुद्धा वाचणार."

उदयसिंह इतका वेळ भिंतीपाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "ताई, आधी त्याला कसं दिसत हुतं?"

प्रीतीनं मोबाईल काढला. त्यात तिनं एक ॲप घेतलं होतं, लाल न ओळखणाऱ्या माणसाला जग कसं दिसतं ते दाखवणारं. तिनं जुन्या रंगांतली ती चुकलेली फाईल स्क्रीनवर आणली. लाल आकृती, ठळक, कुणालाही दारातून दिसावी अशी. मग मोबाईलचा कॅमेरा तिच्यावर धरला. मोबाईलमध्ये तीच आकृती जवळजवळ काळी होती.

सुभेदारांनी एकदा स्क्रीनकडं बघितलं, एकदा मोबाईलकडं. पुन्हा स्क्रीनकडं. मोबाईल हातात घेऊन त्यांनी तो खिडकीबाहेरच्या लाल टेम्पोवर धरला, मग स्वतःच्या हातावर.

"असं दिसतंय व्हय तुला?" ते म्हणाले.

"असंच आप्पा."

"आणि मी म्हणत हुतो ध्यान दे." त्यांनी मोबाईल प्रीतीला परत दिला. पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग त्यांना चारची गाडी गाठायची होती, म्हणून ते गेले.

सोमवारी सकाळी अण्णांनी सगळ्यांना मशीनपाशी बोलावून कृष्णातची माफी मागितली. कृष्णात अवघडला, "ऱ्हाऊ द्या अण्णा," म्हणाला आणि हातमोजे घालून मशीनवर उभा राहिला. पण शंभूराजशी तो बोलेना. जेवायला दुसऱ्या घोळक्यात बसू लागला. नवी फाईल आली, दोनशेपंचवीसची प्लेट, भोकं एकशेपासष्टवर. त्यानं आधी एकच प्लेट कापली, व्हर्नियर लावून मोजली, आकडा कागदावर लिहून वर पाठवला. वरून प्रीतीची सही आल्यावरच उरलेल्या कापल्या. पुढं प्रत्येक कामाला तेच करू लागला. कारखान्यात ती रीतच पडली.

शंभूराजनं त्याला समजवायचा प्रयत्न केला नाही. एकदा माफी मागितली होती. दुसऱ्यांदा मागणं म्हणजे आपल्याच मनाची सोय बघणं, असं त्याला वाटलं.

फेब्रुवारीत सहाही ड्रम आष्ट्याला गेले. बसवायला कृष्णात जाणार होता. सोबतीला अण्णांनी शंभूराजला धाडलं. टेम्पोत दोघं शेजारी बसले, आष्टा येईपर्यंत एक शब्द नाही. गोमटेश चौगुलेंच्या शेडमध्ये शिजवून वाळवलेल्या हळदीचे ढीग लागलेले. दिवसभर काम चाललं. बेअरिंग बसली, बोल्ट भोकांतून सरळ खाली उतरले. ड्रम सुरू झाला तसा शेडमध्ये हळदीचा धुरळा उठला आणि दोघांच्या भुवया पिवळ्या झाल्या.

चौगुलेंकडनं जेवण आलं. शंभूराज पान घेऊन लांब बसला. कृष्णातनं दोन घास खाल्ले, मग मान वळवली.

"तिकडं उन्हात कशाला बसलायस? हिकडं ये."

शंभूराज उठून आला. कृष्णातनं आपल्या पानातलं वांगं त्याच्या पानात वाढलं. "जेवताना एक सांग. त्या तुज्या सॉफ्टवेअरात अंतर मोजायचं कसं, ते मला शिकवशील का? उद्या कुणी म्हणलं जुनी फाईल लावली, तर माजं मला दाखवता आलं पायजे."

"शिकवतो की. कवा?"

"सोमवारी. जेवणाच्या सुट्टीत. आणि मॅडमना आधी इचार, त्यांच्या खुर्चीत बसायचं हाय."

"इचारतो," शंभूराज म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.